बाही

माप मलकप्पानं आणलं, सुतळीला गाठी मारून.
तोंड एवढं, मनगट एवढं, लांबी बारा फूट.
कुणाच्या अंगाची रे ही बाही, मी विचारलं.
वाऱ्याच्या, बे,
म्हणाला, आणि बशीतला चहा फुंकत बसला.

मार्डीच्या पुढं माळ आहे.
कुसळाशिवाय तिथं काही टिकत नाही.
पुण्याच्या कुणीतरी तिथं मुरूम पसरून
रोलर फिरवला, दोन्ही कडांना चुन्याचे दगड मांडले
आणि त्याला धावपट्टी म्हणायला सांगितलं.
मलकप्पा तिथला राखणदार. शेळ्या हाकलायच्या,
काळविटं हाकलायची, विमान आलं की
टोपी काढून उभं राहायचं.
टोपीचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

साखर पेठेत जिन्याखाली माझं मशीन.
चादरींच्या कडा मारण्यात डोळे गेले.
हातात कधी हाताशिवायची बाही आली नव्हती.
केशरी, पांढरा, केशरी, पांढरा, केशरी.
दुहेरी शिवण. मनगटाकडून सुरू केलं,
तोंडाशी आलो, जिथं कडीला कापड बांधायचं,
तिथं नायलॉनचा दोरा संपला.
समोरचं दुकान बंद होतं.
सुती लावला.
रंग तोच होता.

आठ महिने वाऱ्यानं ती घातली.

मग मार्च. दुपारचे दोन.
पुढचं मलकप्पानं माझ्या कटिंगच्या टेबलावर दाखवलं:
मोजपट्टी आडवी, तिच्यावर कात्री.
ही बाई बसली आत, एकटी. कॅप्टन उत्तरा.
हिनं वर बघितलं.
बाही खांबाला चिकटून लोंबत होती,
उकाड्यानं कुणी सदरा अर्धा काढून ठेवावा तशी.
म्हणजे वारा नाही.
वारा होता, सायन्ना. पाठीमागून होता.
माझी टोपी गेली की उडून.

कात्री निघाली. पंचवीस इंच, तीस, चाळीस.
तापलेली हवा कशी असते, तो म्हणाला,
पाय ठेवला की खचते, भुसभुशीत.
पन्नासाला कात्री उचलली, वीतभर,
तिथंच थरथरली,
आणि मोजपट्टी संपल्यावर खाली बसली.
बांधाचा दगड, एक चाक,
डावा पंख बोरीच्या झुडपात.
आवाज? पत्र्याचं कपाट जिन्यावरून सोडल्यासारखा.
मग काहीच नाही. मग एक होला घुमायला लागला.
ती बाहेर आली आपल्या पायांनी,
डावा हात उजव्या हातात धरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा,
आणि विचारलं, शेळ्या नव्हत्या ना पुढं?

चौकशीवाले आले. इंजिन बघितलं, तेल बघितलं,
कागद बघितले. बाही खांबावरून काढली,
पोत्यात भरली, नेली.
माझ्याकडं कुणी आलं नाही.
मी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवत होतो.

आली ती. एकोणीस दिवसांनी.
मलकप्पानंच पत्ता दिला असणार, शिंपी म्हणून,
बाकीचं त्यानं सांगितलं की नाही, मला अजून माहीत नाही.
प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत.
पिशवीत चार शर्ट. म्हणाली,
डावी बाही तेवढी उसवून द्या, हात जात नाही आत.
मी टेप घेतली. प्लास्टरचा घेर साडेसोळा.
खांद्यापासून खाली उसवत गेलो, टाका टाका,
कारखान्याची शिवण, पक्का दोरा, ब्लेड घसरत होतं.
तोंडात शब्द होता. टाचण्याही होत्या.
टाचण्या काढल्या आणि म्हणालो,
ती माळावरची, मी शिवली होती.
तोंडाला दोरा सुती होता.

तिनं शर्टाची मोकळी बाही बोटांत धरून बघितली.
पंख्याच्या वाऱ्यानं ती हलत होती,
जिन्याकडं.
किती झाले, तिनं विचारलं.
मी म्हणालो, काही नाही.
नाही, किती झाले ते सांगा.
चार शर्टांचे, ऐंशी.
तिनं शंभर दिले. वीस परत मोजून घेतले.